‘यंग अँड हेल्दी’चा छोटा सेट: आठवडा पाचवा

तिन्ही चकत्या आता तालात फिरतात! रविवारी रात्री पहिल्यांदा सलग आठ ठोके जुळले आणि मी तो चार सेकंदांचा तुकडा वीस वेळा तरी बघितला असेल.

नव्याने आलेल्यांसाठी: ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ (१९३३) या हॉलिवूड चित्रपटातल्या या गाण्यात नट डिक पॉवेल गातो, नर्तक-नर्तिका गोल फिरत्या चौथऱ्यांवर येतात आणि नृत्यदिग्दर्शक बस्बी बर्कलीचा कॅमेरा थेट डोक्यावर जातो. तिथून माणसं दिसत नाहीत, नक्षी दिसते. मला तोच शॉट एकेक फ्रेम टिपून उभा करायचाय.

आतली चकती म्हणजे केक सजवायचं फिरतं स्टँड, भोवती प्लायच्या दोन कड्या. बाहेरच्या कडीवर तारेच्या २४ बाहुल्या, मधल्या कडीवर १६, आत ८. आधी मी कडेला १२० खुणा केल्या होत्या, प्रत्येक फ्रेमला तीन अंश. दिसायला छान, पण मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावला की काहीतरी खटकायचं. सेकंदाला २४ फ्रेम आणि मिनिटाला १२० ठोके म्हणजे एका ठोक्याला १२ फ्रेम. म्हणजे फेरी पुरी व्हायला दहा ठोके! ओळ आठव्या ठोक्याला संपते आणि चकती अजून वाटेतच. सगळ्या खुणा खोडून ९६ केल्या. आता ठोका पडला की चकती बरोबर ४५ अंश फिरते, तिन्ही कड्यांवर प्रत्येक बाहुलीच्या जागी दुसरी बाहुली येते आणि नक्षी पुन्हा जुळते. मधली कडी उलटी फिरवली तरीही.

आधी आवाज, मग चित्र, ही शिस्त त्या काळाचीच. ‘द ब्रॉडवे मेलडी’ (१९२९) या चित्रपटाच्या वेळी एका नृत्याचं चित्रीकरण पुन्हा करायची वेळ आली, तेव्हा ध्वनितंत्रज्ञ डग्लस शिअररने आधीचं ध्वनिमुद्रण तसंच ठेवून त्यावर नाच टिपायचं सुचवलं. कॅमेरा मायक्रोफोनच्या धाकातून सुटला तो तिथून. हे वाचून माहीत होतं, हाताला आत्ता कळलं.

उंचीचाही प्रश्न सुटला. फोन ६० सेंटिमीटरवर होता तेव्हा कडेच्या बाहुल्या बाहेर कलंडल्यासारख्या दिसत होत्या. पंख्याच्या हुकाला आडवी काठी बांधून दीड मीटरवर नेला, झूम केलं, सगळ्या सरळ झाल्या.

काळ्या ॲक्रिलिकवर बोटांचे ठसे मात्र दर दहा फ्रेमला पुसावे लागतात. सुती फडक्याचे धागे राहतात, चष्म्याचं फडकं वापरा.

आता नर्तिकांच्या पायांच्या कमानींतून सरकत जाणारा शॉट, ज्याच्या टोकाला पॉवेल आणि नटी टोबी विंगचे हसरे चेहरे येतात. माझी कमान जेमतेम तीन सेंटिमीटर उंच, तिथे फोन मावत नाही. पाइपात घालून बघायचा वायरवाला कॅमेरा मागवलाय. तो कुणी वापरला असेल तर फोकस किती जवळ जातो ते नक्की कळवा.