तुम्ही विचारलंत म्हणून: पेशी जिवंतच कशाला हव्यात?

दर वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आमची लॅब शाळांसाठी उघडी असते आणि दर वर्षी कोणीतरी हे विचारतंच. यंदा नववीतली एक मुलगी होती. "मॅडम, हे जंतू वाढतात, सरकतात, मग आधी मारून नीट का नाही बघत?" माझ्या आत्याचंही तेच, फक्त शब्द वेगळे: "दिवसभर त्या दुर्बिणीला डोळा लावून बसतेस, एकदाच काय ते मोजून मोकळी का होत नाहीस?" (आत्याला दुर्बीण आणि मायक्रोस्कोप एकच, मी सांगणं सोडून दिलंय.)

तर मारून मोजतातच की. पीएचडीची पहिली दोन वर्षं मी तेच केलं, कल्चर वाढवायचं, पेशी फोडायच्या, ओएनपीजी टाकायचं (एन्झाइमने तोडलं की पिवळं होणारं रसायन), पिवळा रंग किती आला ते मशीनवर वाचायचं आणि आकडा वहीत. आकडा छान येतो, पण सगळ्या पेशींचा मिळून एकच येतो आणि घोळ तिथेच आहे.

माझे जंतू म्हणजे ई. कोलाय, आपल्या आतड्यात असतात तेच. दुधातली साखर पचवायचं एन्झाइम आणि ती साखर आत घ्यायचं दार, म्हणजे पर्मिएज, या दोन्हींची जनुकं त्यांच्याकडे शेजारी शेजारी आहेत. साखर नसेल तेव्हा रिप्रेसर नावाचं प्रोटीन तिथे डीएनएवर ठाण मांडून बसतं आणि ही जनुकं बंद ठेवतं, साखर आली की तिच्यापासून बनलेला एक रेणू त्याला चिकटतो, पकड सुटते आणि जनुकं चालू होतात. हे जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मधे मांडलं, १९६५ ला नोबेल, बारावीच्या पुस्तकात पण आहे, सगळ्यांनी पाठ केलेलं असतं.

पण १९५७ मधेच नोविक आणि वाइनर यांनी एक गंमत दाखवली होती. साखरेसारखा पदार्थ अगदी थोडा दिला तर कल्चरमधलं एन्झाइम हळूहळू वाढताना दिसतं, वाटतं सगळ्या पेशी थोडं थोडं बनवतायत. तसं नसतं. काही पेशी पूर्ण चालू, बाकीच्या पूर्ण बंद, अधलंमधलं जवळजवळ कोणी नाही. आमच्या सोसायटीचं पाणी असंच आहे, सरासरी काढली तर सगळ्यांना अर्ध्या प्रेशरने येतं, प्रत्यक्षात तळमजल्यावर धो धो आणि चौथ्या मजल्यावर नळ नुसता फुसफुसतो. आणि हे नोविक-वाइनर यांनी, पेशीत काय बनतंय ते उजळून दाखवणारं चमकणारं प्रोटीन वगैरे काही हाताशी नसताना ओळखलं, मला अजून त्याचं नवल वाटतं.

कारण ते दार. दारं जास्त झाली की पदार्थ जास्त आत येतो, पदार्थ आला की अजून दारं. पण मग पहिली दारं कुठून आली? आख्ख्या पेशीत रिप्रेसर जेमतेम दहाएक असतात आणि डीएनएवर बसलेला एकाच वेळी दोन ठिकाणी धरून बसतो. एक हात सुटला तर चिल्लर दारं बनतात, त्याने काही होत नाही. दोन्ही हात एकदम सुटले, जे क्वचित होतं, तर दारांचा लोंढा येतो, शेकड्यांनी जमली की ती पेशी बंदची पूर्ण चालू होते. हे २००८ मधे हार्वर्डमधल्या सनी शी यांच्या ग्रुपने पर्मिएजला पिवळं चमकणारं प्रोटीन जोडून जिवंत पेशींत पाहिलं. म्हणजे जुळ्या बहिणी, तोच डीएनए, तेच अन्न, आणि एक चालू एक बंद, निव्वळ योगायोगाने. मेलेल्या पेशीचा फोटो बघून ती आत्ता पेटायला लागलीय की पेटून विझतेय, कसं सांगणार?

जिवंत बघणं स्वस्तात पडत नाही मात्र. चमकणारं प्रोटीन मुळात जेलीफिशचं, शिमोमुरा यांनी १९६२ ला शोधलेलं, आणि ते बनलं की लगेच चमकत नाही, घडी बसून आतला रंग तयार व्हायला वेळ घेतं. त्यात निळा प्रकाश सारखा टाकला तर पेशीच आजारी पडते, म्हणून फोटो मोजून काढायचे. मी पाच पाच मिनिटांनी काढते. गेल्या महिन्यात गुरुवारी लाइट गेली, मायक्रोस्कोपभोवतीचा ३७ डिग्रीचा डबा गार झाला, फोकस दोन मायक्रॉन सरकला, पेशीची रुंदीच एक मायक्रॉन, आठ तासांचा मूव्ही धुक्यात. आत्याला हे सांगितलं नाही.

त्या मुलीला स्क्रीनवर एक झुंड दाखवली, सगळ्या हिरव्या, म्हणजे चालू, आणि मधे एक काळी, म्हणजे बंद. "ही कधी पेटणार?" म्हणाली. मी म्हटलं माहीत नाही, थांबून बघू. ती स्टूल ओढून खरंच बसली, बाकीची पोरं लिक्विड नायट्रोजनकडे पळाली तरी हलली नाही, शेवटी बस सुटते म्हणून सरांनी ओढून नेलं. ती पेशी पुढच्या दोन तासांत दोनदा विभागली, चारही काळ्याच.