आमची वाटचाल : टेप, तुळया आणि नदीकाठचा बंगला

व्हॅल्युएशनला, म्हणजे घरा-जागेची किंमत ठरवायला जाताना नेतो ती टेप पहिल्या वर्षाचीच आहे. कापडी, तीस मीटरची. शून्याजवळ फाटलीय, म्हणून एक फुटावर धरायची आणि शेवटी फूट वजा करायचा. मुलानं लेझर घेतलाय. खोलीत झकास चालतो, पण उन्हात कंपाउंड मोजताना त्याचा ठिपकाच सापडत नाही.

पहिलं मोठं काम दिलं ते कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका गूळ व्यापाऱ्यांनी. आम्ही त्यांना अण्णाच म्हणायचो. भावाभावांत वाटण्या, म्हणून वाड्याचं व्हॅल्युएशन. मी जागा गुंठ्यावर धरली आणि जुन्या बांधकामाला घसारा लावून ते जवळजवळ शून्यावर आणलं. अण्णांनी काठीनं तुळईवर टकटक केलं. "सागवान धरलंस काय रं?" धरलं नव्हतं. रिपोर्ट नव्यानं टाईप केला.

मधली वर्षं बरी गेली. २०१५ ला संपत्ती कर गेला, त्यासाठीची व्हॅल्युएशनची कामं बंद झाली. असो.

२०१८ ला बँकेसाठी किंमत काढलेला तो नदीकाठचा बंगला मात्र अजून डोक्यात आहे. बारा गुंठे, इटालियन मार्बल, आत लिफ्ट, जागा निळ्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (क्वचितच्या महापुराच्या) पूररेषेच्या मधली. मालक बिलांची फाईल मांडून बसलेले. अहो, खर्च म्हणजे किंमत नव्हे. असल्या घराला गावात गिऱ्हाईकं चार, आणि जोडीला लावावा असा व्यवहार एकही नाही. ताराबाई पार्क, नागाळा पार्कातल्या मोठ्या प्लॉटांच्या सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखतांचे उतारे काढले, जमिनीचा दर बसवला आणि पुरासाठी कपात केली. मालक म्हणाले, "२००५ लासुद्धा पायरीला पाणी लागलं नाही ओ!" दुसऱ्या एका व्हॅल्युअरनं नुसत्या फोटोंवरून आमच्या दीडपट आकडा दिला. बँकेनं तो घेतला आणि आम्हाला पॅनेलवरून, म्हणजे त्यांच्या व्हॅल्युअरांच्या यादीतून काढलं. आठ महिने ऑफिसचं भाडं थकलं. अण्णांनी पाहुण्यांची तीन कामं लावली, फी आगाऊ दिली, वर गुळाचा एक रवा, म्हणजे ढेप.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर. लिफ्ट पाण्यात. पॅनेलवर परत घेतलं, पण चुकलं असं कुणी म्हणालं नाही.

बंगला घेणार असाल तर मे महिन्यात बघू नका, जुलैत बघा. भिंतींना ताजा रंग असेल तर खालच्या प्लगची पट्टी स्क्रू काढून उघडा. गेल्या वर्षी तोच बंगला परत आमच्याकडे आला, मालक नवे. पट्टी उघडली तर बोटाला वाळका गाळ लागला.

"ते जुनं आहे," ते म्हणाले.

कपात लावली. फी अजून यायचीय.