तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या टू-स्ट्रोक बाईकला वरच्या फेऱ्यांना दम कसा आणायचा

साताऱ्यात माझ्या गॅरेजवर आठवड्याला एखादा तरी मुलगा हाच प्रश्न घेऊन येतो. कुणाकडे जाड गुट्ट्यांचे नॉबी टायर चढवलेली यामाहा आरएक्स 135 असते, तर कुणी पुण्या-मुंबईकडून सेकंडहँड खरीखुरी एन्ड्युरो, म्हणजे डोंगर-कच्च्या वाटांसाठीची बाईक, उचललेली असते. "काका, खाली बरी ओढती, पण वर गेली की दम टाकती. टॉपला पॉवर कशी वाढवायची?" वर म्हणजे चढाला नव्हे, इंजिनाच्या फेऱ्या वाढल्यावर. विचारताना बहुतेकांच्या फोनवर एखाद्या चकचकीत चेंबरचा, म्हणजे मध्ये फुगलेल्या एक्झॉस्ट नळीचा, फोटो उघडलेला असतो.

मी सांगतो, फोन ठेव खिशात. वापरलेली गाडी वर दम टाकते ती बहुतेक वेळा काही कमी पडतंय म्हणून नाही, तिचं होतं ते हरवलंय म्हणून. आधी ते तिला परत द्यायचं. नवीन काही मागायचं ते त्यानंतर.

कोरेगावकडचा एक मुलगा 250 सीसीची एन्ड्युरो घेऊन आला होता. चेंबरसाठी पैसे साठवून तयार. मी गाडी यवतेश्वरच्या घाटात नेली. खालून छान उचलायची, पण जिथून तिने खरं सुटायला पाहिजे तिथून नुसता आवाज वाढायचा, गाडी वाढायची नाही. परत आल्यावर सिलिंडरच्या बाजूचं झाकण काढून पॉवर व्हॉल्व्ह बोटाने हलवून बघितला. हलेचना.

हा व्हॉल्व्ह एक्झॉस्ट पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या जळका धूर जाण्याच्या छिद्राच्या, माथ्यावर बसतो. फेऱ्या कमी असताना खाली राहून पोर्ट बुटकं ठेवतो, फेऱ्या वाढल्या की वर सरकून पोर्ट उंच करतो. एकाच इंजिनात दोन स्वभाव. यामाहाने 1983 मध्ये बाहेरच्या देशांत आरडी 350 ला हा व्हॉल्व्ह दिला. त्याच वर्षी आपल्याकडे राजदूत 350 आली, ती जुन्या आरडीवरची, व्हॉल्व्हशिवाय. म्हणून आपल्या जुन्या मिस्त्री मंडळींच्या हाताला या भागाची सवयच नाही, आणि वर्षानुवर्षं तो कुणी उघडत नाही.

या पोराच्या गाडीत तो खालीच चिकटला होता. काहिलीच्या बुडाला काकवी जळून लागावी तसा काळा, चिवट कार्बन. रात्रभर डिझेलमध्ये भिजवला, सकाळी पितळी ब्रशने सोडवला. अ‍ॅल्युमिनियमवर पोलादी पातं चालवायचं नाही, ओरखडा पडला की पुढचा कार्बन तिथेच धरतो. "जास्त ऑइल म्हणजे इंजिनला जपणं" या समजुतीने हा पेट्रोलच्या लिटरला 50 मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, ओतत होता. त्याच्या इंजिनाला 1:50, म्हणजे लिटरला 20 मिली पुरत होतं. जादा ऑइलने कार्बन तर होतोच, पण त्याच जेटमधून, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकातून, जाणारं पेट्रोलही तेवढं कमी होतं, मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. जपायला गेला आणि तापवत होता. सायलेन्सरची लोकर ऑइल पिऊन दगड झाली होती, तीही बदलली. गाडी त्याच घाटात परत नेली तेव्हा पोरगं उतरल्यावर बराच वेळ काही बोललंच नाही.

दुसरी गोष्ट हवेची गळती. टू-स्ट्रोकचा क्रँककेस, म्हणजे सिलिंडरखालचं बंद खोकं, हा पंप आहे, पंपाला भोक असेल तर बाकीची मेहनत वाया. मॅग्नेटोकडचं सील गेलं की हवा आत शिरते आणि इंजिन तापतं. क्लचकडचं गेलं की गिअर ऑइल ओढलं जातं, धूर पांढरा होतो. तपासायला मी रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र वापरतो. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्हीकडची इंजिनाची तोंडं रबराने बंद करायची आणि फुगा दाबत काटा 300 वर न्यायचा. ते साधारण 6 पीएसआय होतात. पाच-सहा मिनिटं काटा जागेवर राहिला पाहिजे. नाही राहिला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा जागा दाखवतो. मग रीडच्या, म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या झडपेच्या, पट्ट्या उजेडापुढे धरून बघा, फट दिसली की बदला. पिस्टन-रिंगांचं माप घ्या. एवढं केल्यावर बऱ्याच गाड्यांचे मालक चेंबरचं नाव काढत नाहीत.

तरीही ज्याला हवं त्याला चेंबर देतो, कारण टॉपची खरी ताकद तिथेच आहे. सज्जनगडावरून दरीत ओ दिली की ती फिरून येते, तसं हे आहे. एक्झॉस्टचा धक्का नळीतून पुढे जातो. नळी जिथे पसरते तिथून ओढ लागते आणि ताजा माल, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, पोर्टबाहेरसुद्धा खेचला जातो. मागच्या निमुळत्या शंकूवर आपटून धक्का परततो आणि तो माल पोर्ट बंद व्हायच्या आत सिलिंडरमध्ये ढकलतो. पूर्व जर्मनीत एमझेड या मोटारसायकल कंपनीच्या वाल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात हे गणित बसवलं. 1961 मध्ये त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पळून सुझुकीकडे गेला आणि ही विद्या जपानला पोचली. पण ही ओ ठरावीक फेऱ्यांनाच वेळेवर परत येते. नळी आखूड केली की ताकद वर सरकते आणि खालची जाते. डोंगरात दगडधोंड्यांतून चालवणाऱ्याला ते परवडतं का, हे त्याचं त्याने ठरवावं.

पोर्टला कानस लावण्याबद्दल मात्र मी कडक आहे. तरुणपणी माझ्या आरएक्स 100 चं एक्झॉस्ट पोर्ट मी स्वतः वर नेलं. 1 मिलिमीटर ठरवलं होतं, हात दीडवर गेला. 50 मिमी स्ट्रोकच्या त्या इंजिनात 1 मिमीने पोर्ट क्रँकच्या फेरीत साडेचार अंशांहून जास्त वेळ उघडं राहतं, माझं सातच्या घरात गेलं. सपाटीला गाडी उडायची, घाटातल्या वळणावर मात्र पहिल्या गिअरलाही क्लच घासावा लागायचा. खरवडलेलं लोखंड परत येत नाही. तो सिलिंडर भंगारात गेला आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं. नव्या एन्ड्युरोच्या सिलिंडरला तर आतून निकेलचा मुलामा असतो, तिथे कानस लावली की तो सुटायला लागतो.

शेवटी जेट. टॉपला ताकद मागितली की मेन जेट आधी मोठा हवा, मग एकेक पायरी खाली यायचं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाचं, पण त्यात प्राणवायू असतो, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. त्यात आपला मुलूख उंच-सखल. सातारा सातशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर 1,353. वर हवा विरळ, पेट्रोल जास्त पडून गाडी जड चालते, म्हणून माणूस जेट लहान करतो आणि तसाच उतरतो. खाली हवा दाट, तिथे तो जेट कमी पडतो. मीही उतरलो होतो, आंबेनळीतून पोलादपूरला. घाट संपला, सपाट रस्ता लागला, मी अ‍ॅक्सिलेटर पूर्ण पिळला. आवाज आधी विलक्षण गोड झाला, टणक आणि स्वच्छ, आणि दुसऱ्या क्षणी इंजिन तापून अडकलं, मागचं चाक जाम. क्लच वेळेवर दाबला गेला म्हणून वाचलो. तो गोड आवाज ऐकलात तर लगेच अ‍ॅक्सिलेटर सोडा. जेट साताऱ्यात बसवा, वर थोडी जड चालली तर चालू द्या.

आणि एक, गाडी कितीही चांगली झाली तरी कासच्या पठारावर घालू नका. त्या खडकावर माती वीतभरही नाही आणि फुलं तेवढ्यातच उगवतात.

कोरेगावचा मुलगा परवा पुन्हा आला. आता त्याला चेंबर खरंच बसवायचंय. मी आधी प्लग मागितला. अ‍ॅक्सिलेटर पूर्ण पिळून, इंजिन तिथेच बंद करून काढलेला, कागदात गुंडाळून आणला होता. भिंगाखाली धरला, आतली पांढरी चिनी माती कोरी होती, खालच्या बाजूला तपकिरी कडा उमटलीच नव्हती, म्हणजे मिश्रण अजून पातळच. मी त्याला दोन नंबर मोठा जेट दिला आणि म्हटलं, हा घालून ये, मग चेंबरचं बोलू.