‘मायले गाडी लागते’: आमच्या दुकानाची वाटचाल

आमच्या पाटीवर आजही ‘कमानी काम’ एवढंच लिहिलेलं आहे. परतवाड्याहून अंजनगावकडे निघालं की डाव्या हाताला पत्र्याचं शेड आणि पुढे कडुलिंब, तेच आमचं दुकान. बाबांनी 1988 साली पाटी रंगवून घेतली तेव्हा काम एकच होतं, ट्रक आणि मेटॅडोरच्या कमानी, म्हणजे पोलादी पाटे एकावर एक बांधून केलेल्या स्प्रिंगा. संत्र्याच्या हंगामात गाड्या गच्च भरायच्या, पाटे तुटायचे आणि आमचं घर चालायचं. बाबा पाटा भट्टीत लाल करायचे आणि घणाखाली त्याचा गेलेला बाक परत आणायचे. लोखंड किती तापलं हे ते रंगावरून सांगतात. ते शिकायचा मी खूप प्रयत्न केला, पण मला अजून जमत नाही.

मी आयटीआय करून 2009 मध्ये दुकानात आलो. तोवर कमानीचं काम आटत चाललं होतं. नव्या गाड्यांत पुढे कॉइल स्प्रिंग, बऱ्याच गाड्यांत मागेही कॉइलच. घण उचलायचा कशासाठी? चार वर्षं आम्ही बुश, शॉकअप, बॉल जॉइंट असलं किरकोळ काम करत काढली.

मग 2013 च्या मार्चमध्ये संत्र्याचे एक व्यापारी आले. गाडी उंच, आठ माणसांची, डिझेलची. टपावर लोखंडी कॅरियर, त्यावर स्टेपनी. भरल्यावर दोन टनांच्या वरच. ते म्हणाले, “भाऊ, मायले गाडी लागते. घाटात तिसऱ्या वळनापासून तिचं सुरू होते. आता म्हनते, मी एष्टीनंच जाईन.”

त्यांची बहीण धारणीला दिलेली. परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसाल करत जावं लागतं. मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ, नावातच सगळं आलं. प्रत्येक वळणाला गाडी बाहेरच्या अंगाला कलायची, लगेच उलटं वळण आलं की दुसऱ्या अंगाला. मागच्या सीटवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं काय होणार?

बाबांनी त्यांच्या परीने इलाज केला. मागे दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून दिला. झोल कमी झाला, हे खरं. आठ दिवसांनी आजी स्वतःच दुकानात उतरल्या. बाबांकडे बघून म्हणाल्या, “पह्यले मयमय होये, आता कंबर मोडली. पैसे कायचे घेता बाप्पा?”

आमच्या कामाची इतकी नेमकी तपासणी त्यानंतर कोणी केली नाही. वजन पेलायची ताकद आणि कलण्याला विरोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आम्ही एकीचं औषध दुसरीला दिलं होतं.

कलण्यावरचं औषध म्हणजे स्टॅबिलायझर बार. कोणी त्याला अँटी रोल बार म्हणतं, आमच्याकडचे ड्रायव्हर नुसतं ‘मोठी सळई’ म्हणतात. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली स्प्रिंगच्या पोलादाची सळई. मधला भाग दोन रबरी बुशांत चासीला धरलेला आणि दोन्ही टोकं लिंक रॉडने चाकांच्या आर्मला किंवा अॅक्सलला जोडलेली. दोन्ही चाकं एकदम वर गेली, समजा स्पीड ब्रेकर आला, तर सळई बुशांत नुसती फिरते, काहीच करत नाही. एक चाक वर आणि एक खाली गेलं की तिला पीळ बसतो, आणि तो पीळ गाडीला कलू देत नाही. म्हणून बारने बसकी गाडी उचलली जात नाही, जास्तीचं वजनही पेलत नाही. कॅनडातल्या स्टीफन कोलमन यांना याचं पेटंट 1919 मध्ये मिळालं. आमच्या शेडपर्यंत ती युक्ती यायला 2013 उजाडलं.

त्या गाडीला पुढे कंपनीचा बार होता, मागे नव्हता. मी तरुण, नवीन काहीतरी हाती लागलेलं. नागपूरहून माणूस लावून मागच्या अॅक्सलला बसेल असा चांगला जाड बार मागवला. जास्तीचे पाटे काढले, बार लावला, मालकाला बाजूला बसवून घटांगपर्यंत गाडी नेऊन आणली. रस्ता कोरडा होता. गाडी अशी सरळ राहिली की मालकाने परत येताना रस्त्यात थांबवून मला कचोरी खाऊ घातली.

जुलैमध्ये त्यांचा फोन आला. पावसात, उतारावर, गाडी रिकामी असताना एका वळणावर मागचा भाग सटकला. सागाच्या झाडाला मागचा दिवा घासून गाडी थांबली. कोणाला लागलं नाही. मी मोटारसायकल काढून तिथे गेलो आणि त्या फुटलेल्या दिव्याकडे बघत बराच वेळ उभा राहिलो. दिव्याचे पैसे आम्ही भरले, बारचे परत केले. त्या महिन्यात घरात कोणी कोणाशी फारसं बोललं नाही.

चूक कुठे झाली हे समजायला मला दोन-तीन महिने लागले. वळणात आतल्या चाकाचं वजन बाहेरच्या चाकावर जातं. ज्या अॅक्सलला बार जाड, तिथे ही वाटणी जास्त विषम होते. आणि टायरची गोष्ट अशी की, वजन दुप्पट पडलं म्हणून पकड दुप्पट होत नाही. बाबांना मी हे बैलजोडीवरून सांगितलं. जू एका बैलाच्या मानेवर सरकलं तर तो काही दोन बैलांचं ओढत नाही आणि दुसरा नुसता सोबत चालतो, जोडीचं काम एकूण कमीच होतं. मी सगळा जोर मागे लावला, म्हणजे मागची पकड कमी केली. त्यात गाडी रिकामी, रस्ता ओला आणि मागचे टायर गुळगुळीत. टायर मी बघितलेच नव्हते.

पुढे तर मी वाकूनही बघितलं नव्हतं, ही दुसरी चूक. बार काढायला गाडी परत आली तेव्हा पुढच्या बारच्या बुशांचं भोक गोल राहिलेलंच नव्हतं, सळई आणि रबर यांच्यामध्ये पेचकस आरामात जात होता. लिंक रॉडचे जॉइंट हाताने खडखडत होते. म्हणजे गाडी आधी चांगली कलायची, ती फट भरायची, आणि मग कुठे बार कामाला लागायचा. आम्ही बुश आणि लिंक नवे टाकले, मागचे गळके शॉकअप बदलले, मालकांना टायर घ्यायला लावले आणि टपावरचं कॅरियर उतरवून ठेवलं. वजन जितकं उंच तितकी गाडी जास्त कलते, आणि लोकांना नेमकं टपावरच सामान बांधायचं असतं. एवढ्यावरच बहुतेक झोल गेला. उरलेला काढायला पुढचा बार 2 मिलिमीटरने जाड घेतला, मागे एक बारीक लावला.

दिवाळीनंतर आजी धारणीला जाऊन आल्या. हातात लिंबू होतं, पण हुंगायची वेळ आली नाही, असं व्यापाऱ्यांनी सांगितलं. आजी स्वतः काही बोलल्या नाहीत. आमच्याकडे तक्रार नाही म्हणजेच शाबासकी.

तिथून दुकान वळलं. पुढच्या दोन वर्षांत अमरावती, अकोट, चांदूर बाजार इथल्या गाड्या यायला लागल्या. सुमो, बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा, लग्नाच्या वऱ्हाडाच्या, देवदर्शनाच्या, चिखलदऱ्याला पर्यटक नेणाऱ्या. प्रत्येक जण पहिलं वाक्य तेच बोलतो, “भाऊ, सर्वात जाड कोनता हाय, तो टाका.”

त्यासाठी भिंतीवर बाबांच्याच हस्ताक्षरात एक हिशेब लिहून ठेवला आहे. बाबांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण पाट्याचा नियम त्यांना तोंडपाठ. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनात वाढतो, 10 मिलिमीटरचा 12 केला की जवळपास पाऊणपट जास्त कडक. पिळाच्या सळईत तो चौथ्या घातात वाढतो, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी पाटीवर गुणाकार करून बघितला आणि मग मानलं. 24 चा बार 27 केला, म्हणजे बोटाच्या नखाएवढाही फरक नाही, तरी बार 60 टक्क्यांनी कडक होतो. म्हणून आम्ही एका वेळी 2, फार तर 3 मिलिमीटर वाढवतो. टोकाला दोन भोकं असलेला बार मिळाला तर उत्तम. आतल्या भोकाला लिंक लावली की बारचा हात, म्हणजे टोकाकडचा वाकवलेला भाग, आखूड होतो आणि बार कडक लागतो. हात 250 मिलिमीटरचा 230 केला तर चाकाशी कडकपणा 18 टक्क्यांनी वाढतो. पाना फिरवून गाडी जुळवता येते, नवा बार घ्यावा लागत नाही.

पोकळ बारला लोक हसतात, “नळी बसवता काय?” पण पिळाचा भार सळईच्या बाहेरच्या थरावरच जास्त येतो. 27 चा बार 4 मिलिमीटर जाडीच्या नळीचा केला तर वजन निम्मं होतं आणि कडकपणा तरी तीन चतुर्थांश राहतो.

मोजमापाबद्दल एक कडवट आठवण आहे. एका पुरवठादाराने ‘27’ चा म्हणून दिलेला बार मी रंग खरवडून व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, मोजला, तो 25.6 भरला. ऐकायला दीड मिलिमीटरही नाही, पण चौथ्या घातात कडकपणा 19 टक्क्यांनी कमी. आठ बार परत पाठवले, पैसे यायला सात महिने लागले. तेव्हापासून मोजल्याशिवाय माल गाडीतून उतरवत नाही.

भंगारातला दुसऱ्या गाडीचा बार आणून, कापून, वेल्डिंग मारून बसवून द्या म्हणणारे दर महिन्याला येतात. त्यांना आम्ही हात जोडतो. हे पोलाद आधी वाकवतात, मग तापवून एकदम थंड करतात, म्हणजे पाणी देतात, आणि पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. वेल्डिंगच्या उष्णतेने ते सगळं तिथल्या तिथे बिघडतं आणि शिवणीजवळून चीर पडते. एकाने दुसरीकडून करून घेतलाच. चार महिन्यांनी तुटलेले दोन तुकडे घेऊन आला. ते आमच्या काउंटरवर कागदांवर ठेवायला कामी येतात.

बसवणीत आमचे पोट्टे सुरुवातीला एक चूक हमखास करायचे. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली, आणि तसेच लिंकचे नट घट्ट. रबराच्या लिंक त्या अवस्थेत आवळल्या तर गाडी खाली उतरली की रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. नट शेवटी आवळायचे, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना. त्याआधी चाक पूर्ण वर, पूर्ण खाली आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून बार सायलेन्सरला, ब्रेकच्या नळीला कुठे घासत नाही ना ते बघायचं. पॉलियुरेथेनचे बुश कडक असतात, टिकतातही. पण सिलिकॉन ग्रीस नीट लावलं नाही तर कुईकुई करतात. आमच्याकडची उन्हाळ्याची धूळ बघता मी साध्या रबरावरच समाधानी आहे.

आणि पांदण. आमचं अर्धं गिऱ्हाईक शेतकरी, रोज वावरात जाणारं. काळ्या मातीतल्या पांदणीवर एकच चाक खड्ड्यात जातं, आणि जाड बार तो धक्का दुसऱ्या चाकाकडे पोचवतो. गाडी मान हलवत चालते, आत बसणाऱ्याचं डोकं काचेला लागतं. शिवाय चाकाला खाली सुटायला मोकळीक राहत नाही, चिखलात एक चाक अधांतरी फिरत बसतं. म्हणून आता पहिला प्रश्न मी हाच विचारतो, “भाऊ, घाट जास्त का पांधन जास्त?” पांदण जास्त असेल तर बुश, लिंक, शॉकअप एवढंच काम करून देतो. शंभरातल्या साठ-सत्तर गाड्या अशाच बारशिवाय जातात. धंद्याच्या दृष्टीने हे चुकीचं आहे, असं माझा मेहुणा म्हणतो. तो अमरावतीला मोबाइल विकतो.

काढलेला मूळ बार आम्ही गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करतो आणि तो भंगारात देऊ नका असं बजावतो. गाडी वॉरंटीत असेल तर आधी शोरूमकडून लेखी विचारून या, हेही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे गाडीत मन मानेल तसे बदल करता येत नाहीत. चासी कापायची, भोकं पाडायची, गाडी उंच करायची कामं आम्ही घेत नाही.

आज दुकानात मी धरून पाच माणसं आहेत, एक लिफ्ट आहे, अलाइनमेंटचं मशीन हप्त्यावर आहे. भट्टी काढलेली नाही. बाबा सकाळी दहाला येतात, ट्रॅक्टर ट्रॉलीची एखादी कमानी आली तर उठतात, नाहीतर वर्तमानपत्र वाचतात. नवा बार आला की तो मात्र त्यांच्याकडेच आधी जातो. ते तो दोरीला टांगून हातोडीने हलकेच वाजवतात. नाद बसका आला तर मी बार परत बांधून ठेवतो, व्हर्नियर काहीही सांगो.

20 डिसेंबरपासून बहिरमची यात्रा सुरू होते. हंडीचं मटण आणि रोडगे खायला महिनाभर गाड्या भरभरून जातात आणि वाटेत आमच्याकडे वळतात. त्या दिवसांत यायचं असेल तर आधी फोन करा. टायरची हवा भरून या, आणि गाडी रिकामी आणू नका. रोज जितकी माणसं बसतात तितकी घेऊन या. त्यातलं कोणाला गाडी लागत असेल तर त्यांना मागच्या सीटवर बसवा. चाचणीची फेरी त्यांच्यासकट घेतो, लिंबू दुकानात आहे.