समाजकार्याला मानधन हवे, म्हणजे गरिबाघरची मुलेही त्यात येतील

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी गावात जाऊन काम करावे, लोकांच्या अडचणी समजून घ्याव्यात, असे आपण सगळेच म्हणतो. मात्र तेवढ्या काळात त्यांची जी रोजची कमाई बुडते, तिचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. साताऱ्यात शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी दिसतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरासाठी नावे घेऊ लागलो, की माण-खटाव या दुष्काळी तालुक्यांतून शिकायला आलेली, खोली घेऊन राहणारी मुले मागे सरतात. कोणी लग्नसराईत केटरिंगवाल्याकडे वाढपी म्हणून जातो, कोणी पहाटे वर्तमानपत्रे टाकतो, कोणी मुलगी संध्याकाळी औषधांच्या दुकानात उभी असते. ‘‘सर, यायचं मनात आहे, पण आठवडाभर गेलो नाही तर मालक दुसरा माणूस बघतील,’’ असे एकाने मला सांगितले, आणि त्याचे म्हणणे अगदी खरे होते.

राष्ट्रीय सेवा योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. तिच्यात विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा द्यावी अशी अपेक्षा असते. या योजनेने खेड्यापाड्यांत केलेले काम मी जवळून पाहिले आहे आणि तिच्याविषयी मला आदरच आहे. तरीही, २४० तास बिनमोबदला देता येणे हीसुद्धा एक ऐपत आहे, आणि ती सगळ्यांकडे नसते. परिणामी समाजकार्याचा अनुभव, त्यातून येणारा आत्मविश्वास, पुढे मुलाखतीत सांगता येण्याजोगे काम, हे सारे ज्यांच्या घरी आधीच थोडेफार आहे त्यांच्याच पदरात पडते.

खरे म्हणजे साताऱ्याला हे वेगळे सांगायची गरज पडू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. त्यांच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकाच पंगतीत जेवत आणि कष्ट करून शिकत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य म्हणजे निव्वळ घोषणा नव्हती. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, त्याच्याही मुळाशी ‘कमवा आणि शिका’ हेच सूत्र होते. श्रमाला मोल मिळाल्याने विद्यार्थी लहान होत नाही, उलट त्याची मान ताठ राहते, हा विचार याच मातीत रुजलेला आहे. आज अनेक ठिकाणी ‘कमवा आणि शिका’ योजनेतील मुले ग्रंथालयात पुस्तके लावतात, बागेला पाणी घालतात किंवा कार्यालयात नोंदी करतात. तेही काम आवश्यकच आहे, पण त्यांतले काही तास गावाकडे वळवले आणि त्यांना फेलोशिपचे, म्हणजे मानधन देऊन ठरावीक काळ करायच्या कामाचे, रूप दिले, तर फार मोठी गोष्ट घडेल असे मला वाटते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२२ मध्ये ‘कॉलेज कॉर्प्स’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थी शैक्षणिक वर्षात ४५० तास शाळा, अन्नवाटप किंवा पर्यावरणाच्या कामाला देतात आणि त्यांना १०,००० डॉलरपर्यंत रक्कम मिळते. शिक्षणाचे कर्ज कमी व्हावे हाही त्यामागचा उघड हेतू आहे. रकमांची तुलना आपल्याकडे करण्यात अर्थ नाही, मात्र सेवा आणि मोबदला एकत्र नांदू शकतात, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

वंचित घरांतील मुलांना यात आधी घ्यावे, असे मी म्हणतो ते केवळ दयेपोटी नव्हे. कोरेगाव तालुक्यातील एका गावात निराधार अनुदानासाठी एका आजींचे आधार प्रमाणीकरण होत नव्हते. आयुष्यभर खुरपणी करून बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या आणि यंत्र दरवेळी नकार देत होते. आमच्याबरोबर आलेली मुलगी भटक्या समाजातील होती आणि तिच्या स्वतःच्या आजीबाबत हेच घडलेले तिने पाहिले होते. तिने आजींचे हात कोमट पाण्याने धुतले, कोरडे केले, एकेक बोट पुन्हा ठेवून पाहिले, आणि तेही जमेना तेव्हा बुबुळांवरून ओळख पटवण्याची सोय कोणत्या केंद्रावर आहे याची चौकशी करून त्यांना तिकडे नेले. ही जाण तिच्याकडे पुस्तकातून आलेली नव्हती. अशा जाणकारीला आपण अनुभव म्हणून मोजत नाही आणि तिचे पैसेही देत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अशी फेलोशिप कोणी सुरू केली, तर निवड गुणपत्रिकेवरून करू नये. घरची परिस्थिती आणि गावाची ओळख पाहावी. रिक्त पदांवरचे स्वस्त मनुष्यबळ म्हणून या मुलांना राबवू नये. एसटीचा प्रवासखर्च मानधनात न धरता वेगळा द्यावा, कारण दुर्गम वाडीत जाणाऱ्यालाच तो जास्त पडतो. निधीसाठी माजी विद्यार्थी, साखर कारखाने आणि सहकारी बँका यांच्याकडे मागणी करता येईल. या जिल्ह्यात त्यांची वाण नाही. आणि मानधन दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यावर जमा झालेच पाहिजे, कारण मेसचे पैसे आणि खोलीचे भाडे त्याच आठवड्यात द्यावे लागते, आणि वर्षाअखेरीस एकरकमी मिळणाऱ्या पैशांच्या भरवशावर कोणताही मुलगा हातचे काम सोडून येणार नाही.