कोयता, उचल आणि दारिद्र्यरेषा

बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यातील एका गावात मी काही वर्षे शिक्षक होतो. दिवाळी आटोपली की माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघत, आणि माझ्या हजेरीपटावरची कितीतरी मुले गुढीपाडव्यापर्यंत दिसत नसत. दारिद्र्याविषयी पुढे जे काही वाचले, ते मी या हजेरीपटाशी ताडून पाहत आलो.

दारिद्र्य मोजण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न आपल्या पुण्यातच झाला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही किमान पातळी धरली आणि ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के, तर शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली असल्याचे दाखवले. भूक अशी आकड्यांत मांडली गेली, याचे मोल मला फार मोठे वाटते. पण दारिद्र्य मोजण्यासाठी नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी ठरलेली ग्रामीण रेषा दरडोई दरमहा ८१६ रुपयांची होती, आणि मुकादमाकडून, म्हणजे तोडीसाठी मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल घेऊन आलेले कुटुंब त्या महिन्यात ती सहज ओलांडू शकते. हातातला तो पैसा म्हणजे अजून न केलेल्या पाच-सहा महिन्यांच्या कष्टांची आगाऊ किंमत असते, हे खर्चाच्या आकड्यावरून कळत नाही.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांच्या मते आपल्या समाजात जे राहणीमान आणि जो सहभाग सर्वसाधारण मानला जातो, तो साधनांअभावी ज्याला परवडत नाही, तो गरीब. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणारे कुटुंब गावची जत्रा, ग्रामसभा, शाळा या सगळ्यांतून अर्धे वर्ष वजा झालेले असते.

मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि त्याची उचलही त्याच मानाने कमी. ‘या लोकांत मुलींची लग्ने लवकर करायची रीतच आहे,’ असे शिकलेली माणसे माझ्यासमोर सहज बोलून जातात. गरिबांच्या सवयी आणि मूल्ये पिढ्यान्पिढ्या चालत राहतात, ही अमेरिकन मानवशास्त्रज्ञ ऑस्कर लुईस यांनी मांडलेली ‘दारिद्र्याची संस्कृती’ची कल्पना आपल्याकडे बहुधा याच सोप्या रूपात वापरली जाते, आणि मला ती अन्यायाची वाटते. कारण जिला मागे गावात ठेवायला सुरक्षित घर नाही आणि जिच्या लग्नाने एका घरचा अर्धा कोयता पुरा होतो, त्या मुलीचे वय रीतीपेक्षा मजुरीच्या हिशेबाने ठरत असते.

बायकांच्या शरीरावरही हाच हिशेब चालतो. एका दिवसाचा खाडा झाला तर दंड बसतो, मग तो पाळीमुळे असो वा तापामुळे. डोक्यावर मोळ्या वाहायच्या, जवळ पाणी नाही, आडोसा नाही, आणि दुखणे अंगावर काढत शेवटी दवाखाना गाठला की पिशवी काढण्याचा सल्ला मिळतो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीची माहिती आली. त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते.

एका वर्षी हंगाम संपल्यावर माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील शाळेत आले. उचल फिटली नव्हती, उलट काही हजार रुपये अंगावर निघाले होते. पुढच्या हंगामात मुलगाही फडावर जाणार होता. त्याचे नाव पटावर तेवढे ठेवता येईल का, असे त्यांनी मला विचारले.