झोपताना बाटली का काढून घेते, तुम्ही विचारलंत म्हणून

ऐरोलीत पाळणाघर चालवते, आणि नवीन मूल आलं की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच, "ताई, तो बाटलीशिवाय झोपतच नाही, तुम्ही का काढून घेता?" आजी सोडायला आल्या असतील तर त्यांचं पुढचं वाक्यही ठरलेलं, दुधाचेच दात ना, पडणारच आहेत. दारात अर्धंच सांगून होतं कारण तुम्हाला ट्रेन गाठायची असते, म्हणून आज बसून लिहितेय.

बाटलीशी माझं भांडण नाही, ती तोंडात ठेवून झोपण्याशी आहे. जागेपणी लाळ दात धूत असते, झोप लागली की लाळही कमी होते आणि गिळणंही, मग दूध वरच्या पुढच्या दातांपाशी साचून राहतं. साखर घातली नसली तरी दुधात स्वतःची साखर असतेच, तोंडातले जंतू तिचं ॲसिड करतात आणि दात पोखरला जातो. खालचे पुढचे दात बरेचदा धड राहतात कारण त्यांच्यावर जीभ असते. कितीतरी मुलं बिस्किट पुढच्या दातांनी तोडत नाहीत, बाजूला नेऊन चावतात, तेव्हाच मला शंका येते.

माझ्याकडे दूध बसून, कपाने, आणि झोपायच्या आधी. मग दोन घोट पाणी आणि थोपटणं. सुरुवातीला रडारड होते, खोटं कशाला बोलू. घरी सवय मोडायची असेल तर झोपतानाच्या बाटलीत रोज थोडं पाणी वाढवत न्या, शेवटी नुसतं पाणीच उरेल, पोटाचं दूध दिवसा कपाने द्या.

आता ते "पडणारच आहेत". पुढचे पडतात सहा-सात वर्षांचं होताना, पण दुधाच्या दाढा 10-12 वर्षांपर्यंत टिकायला हव्यात, तोवर पोळीभाजी त्यांनीच चावायचीय. किडून लवकर काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा उरत नाही. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे पक्की दाढ येते, काहीही न पडता, आणि घरचे तिला दुधाचीच समजून सोडून देतात!

डब्याचंही तसंच. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते बघा, प्रत्येक वेळी तोंडातलं ॲसिड ओसरायला अर्धा तास तरी जातो. जेवणानंतर एक लाडू खाल्ला तर मी काही म्हणत नाही, पण संध्याकाळभर हातात बिस्किटाचा पुडा, ते नको. चोखणीला मध लावणं तर बंदच करा, वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच द्यायचा नसतो, त्याचं कारण दातांपेक्षा मोठं आहे.

पहिला दात दिसला की ब्रश सुरू, फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. पाकिटावर 1000 पीपीएम, म्हणजे फ्लोराइडचं प्रमाण, लिहिलंय का बघून घ्या, लहान मुलांच्या म्हणून मिळणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड कमी असतं किंवा नसतंच. गिळलं तर काय, असं आज्या विचारतात, दाण्याएवढंच घेतलं तर घाबरायचं कारण नाही.

महिन्यातून एकदा उजेडात वरचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर लगेच डेंटिस्ट गाठा, या टप्प्यावर फ्लोराइड वार्निशने, म्हणजे डेंटिस्ट दातांवर लावतात त्या लेपाने, कीड थांबू शकते, खड्डा पडला की मामला महाग होतो. पहिली भेट तर पहिल्या वाढदिवसाच्या आतच उरकून टाका. खर्चाची चिंता असेल तर नेरूळला डेंटल कॉलेजं आहेत, तिथे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो.

रात्रीचा ब्रश मात्र तुमच्याकडेच. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना तो नीट जमत नाही, मोठ्यांनीच करून द्यावा लागतो, आणि तुम्ही घरी पोचेपर्यंत आठ वाजतात हे मला माहितीये, पण माझं पाळणाघर सातला बंद होतं.